ढिंगरीच्या पिशवीतला बडीशेपेचा वास: कुटारावर अळिंबी घेताना एका एन्झाइमची काळजी

ढिंगरीच्या, म्हणजे ऑयस्टर अळिंबीच्या, पिशव्या भरून दहा-बारा दिवस झाले की आमची माय सकाळी चहाच्या आधी मागच्या खोलीत जाते. एकेका पिशवीच्या छिद्राला नाक लावते. "बडीशेप खाल्ल्यावानी येते," असं ती म्हणाली की त्या पिशवीत बुरशी नीट लागली. "आंबूस येते" म्हणाली की ती उचलून बाहेर. मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहतो आणि कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. थर्मामीटर, आर्द्रतामापक सगळं माझ्याकडे आहे. तरी पिशवीची पहिली खबर मायच्या नाकाला लागते, आणि त्या वासामागचं रसायन समजल्यापासून मी तिच्या नाकावर जास्तच विसंबतो.

तो वास एका एन्झाइमच्या कामातून येतो. त्याचं नाव अरिल अल्कोहोल ऑक्सिडेज. नाव बोजड आहे, पण हे एक एन्झाइम नीट समजलं की ढिंगरीचं कुटार किती ओलं ठेवायचं, छिद्रं किती पाडायची, खोली किती गरम चालेल, हे पाठ करावं लागत नाही. प्रत्येक पायरीचं कारण आपोआप हाताशी येतं. म्हणून आधी एन्झाइम सांगतो, मग काम.

हे एन्झाइम करतं काय

सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा), गव्हांडा (गव्हाचा भुसा), तणस (धानाचा पेंढा), पऱ्हाटी (कापसाच्या काड्या), तुऱ्हाटी (तुरीच्या काड्या) हे सगळं मुख्यतः तीन गोष्टींचं बनलेलं असतं: सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. पहिल्या दोन म्हणजे साखरेच्या साखळ्या, बुरशीचं खरं जेवण. लिग्निन हे त्यांच्यावरचं लिंपण. कुडाच्या भिंतीत तुऱ्हाट्यांवर शेणमाती लिंपतात तसं ते धाग्यांना धरून बसलेलं असतं. ते फुटल्याशिवाय आतली साखर हाती येत नाही. बहुतेक जिवाणू आणि साध्या बुरश्या त्याच्यापुढे हात टेकतात. ढिंगरी ही पांढरी कुज करणाऱ्या बुरश्यांपैकी आहे, ती लिग्निन फोडू शकते.

फोडायला तिला हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं, जखम धुवायला मेडिकलमध्ये पातळ करून मिळतं तेच. बुरशी ते जागेवर तयार करते. तिच्याकडे थोडंसं अरोमॅटिक अल्कोहोल असतं, म्हणजे बेन्झीनच्या कड्याला जोडलेलं अल्कोहोल. ॲनिसाइल अल्कोहोल हे त्यातलं एक. बचत गटात हे सांगताना एका काकूंनी मला थांबवून विचारलं, "काहो सर, याच्यात दारू हाये का?" प्रश्न रास्त होता. दारूतलं इथेनॉल आणि हे अल्कोहोल एका गोत्राचे, पण हे नशेचं नाही आणि ते अत्यल्प असतं. बुरशी ते फेनिलॲलॅनिन या अमिनो आम्लापासून स्वतःच बनवते.

अरिल अल्कोहोल ऑक्सिडेज या अल्कोहोलमधले दोन हायड्रोजन काढून घेतं. ते आधी स्वतःला जोडलेल्या एफएडी नावाच्या सहघटकावर ठेवतं आणि मग हवेतल्या ऑक्सिजनला देऊन टाकतं. अल्कोहोलचं ॲल्डिहाइड होतं, ऑक्सिजनचं हायड्रोजन पेरॉक्साइड. ते पेरॉक्साइड पुढे पेरॉक्सिडेज नावाची एन्झाइम्स वापरतात आणि लिग्निनचे सांधे तोडतात.

ॲल्डिहाइडचं काय होतं, हा यातला सगळ्यात सुंदर भाग. बुरशी ते परत पेशीत ओढते, दुसऱ्या एका एन्झाइमकडून त्याचं पुन्हा अल्कोहोल करून घेते आणि बाहेर सोडते. विहिरीवरच्या रहाटासारखं हे चालतं. गाडगी तीच, खाली जातात, वर येतात, दर फेरीला पाणी उपसलं जातं. इथे दर फेरीला पेरॉक्साइड निघतं. म्हणून एवढ्याशा अल्कोहोलवर एवढं मोठं काम होतं. या फेऱ्यांमधून जे थोडं ॲल्डिहाइड हवेत निसटतं, तोच मायला येणारा वास. ॲनिसाल्डिहाइड बडीशेपेच्या अंगाने जातं, बेन्झाल्डिहाइड कडू बदामाच्या. ढिंगरीच्या कुळात दोन्ही सापडतात, त्यामुळे वाणागणिक वास थोडा बदलतो.

याचा शोध तसा जुना आहे. १९६० साली स्कॉटलंडमधल्या फार्मर, हेंडरसन आणि रसेल यांनी लाकूड कुजवणाऱ्या एका बुरशीच्या द्रावणात अरोमॅटिक अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण करणारं हे एन्झाइम नोंदवलं. १९८८ मध्ये कॅनडातल्या बूर्बोने आणि पेस यांनी ते प्लुरोटस साजोर-काजू या ढिंगरीतून वेगळं काढलं. साजोर-काजू म्हणजे आपल्याकडे करड्या रंगाची जी ढिंगरी घेतात ती, त्यामुळे हे संशोधन थेट आपल्या पिशवीतलं आहे. पुढे स्पेनमधल्या शास्त्रज्ञांनी किंग ऑयस्टर नावाच्या ढिंगरीवर वर्षानुवर्षं काम केलं आणि २००९ मध्ये या एन्झाइमची त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाली.

आता कामाला लागू. वरच्या रसायनातून तीन गोष्टी लक्षात ठेवा: ऑक्सिजन लागतो, पाण्याची पातळ फिल्म लागते (पेरॉक्साइड पाण्यातूनच कुटाराच्या आत शिरतं), आणि बुरशी जिवंत व निवांत लागते.

माल कोणता घ्यायचा

विदर्भात सोयाबीनचं कुटार ऑक्टोबरपासून मुबलक असतं. हडंब्यातून (मळणीयंत्रातून) निघालेल्या कुटारात शेंगांची टरफलं आणि बारीक भुसा जास्त. नुसतं तेच भरलं तर पिशवीत गच्च बसतं, हवा खेळत नाही. त्यात नत्रही गव्हांड्यापेक्षा जास्त असतं, त्यामुळे ते लवकर तापतं आणि हिरवी बुरशी पकडतं. मी दोन भाग सोयाबीनचं कुटार आणि एक भाग गव्हांडा घेतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाचं तणस आहे, ते एकट्यानेही उत्तम चालतं. दीड-दोन इंचांचे तुकडे करून घ्यायचे.

पऱ्हाटी म्हणजे जवळपास लाकूडच. लिग्निन भरपूर असल्याने आपल्या एन्झाइमला ती मानवते, पण श्रेडरमधून बारीक केल्याशिवाय हात लावू नका. शिवाय बोंडअळीचा विचार करायचा. गुलाबी बोंडअळीच्या सुप्त अळ्या पऱ्हाटीवरच्या वाळलेल्या बोंडांत राहतात, म्हणून पऱ्हाटी रचून पुढच्या हंगामापर्यंत ठेवणं धोक्याचं. फरदड (खोडवा) न घेता वेळेत उपटा, लगेच बारीक करा आणि तेवढ्यात वापरून टाका. जाळण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

सगळ्यात महत्त्वाची अट: माल यंदाचा, सोनेरी आणि कोरडा हवा. सोयाबीनची सुडी लावली आणि वरून अवकाळी पाऊस आला, की आतलं कुटार काळं पडतं. ते स्वस्तात किंवा फुकट मिळतं, तरी घेऊ नका. त्यात दुसऱ्या बुरश्यांनी आधीच घर केलेलं असतं. मूठभर कुटार हातावर चोळून वास घ्या. धुळकट, कुबट वास आला तर ते शेणखताच्या खड्ड्यात टाका.

कुटाराची प्रक्रिया

इथे हेतू एवढाच की स्पॉनच्या (बुरशीच्या बियाण्याच्या) आधी दुसरं कोणी जेवायला बसू नये. दोन रीती आहेत.

पहिली गरम पाण्याची. कुटार आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवायचं. सकाळी पोत्यात भरून ड्रममधल्या ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवायचं. पोतं पूर्ण बुडलं पाहिजे, वर धोंडा ठेवा. पाणी उकळू देऊ नका. ढणाढणा उकळलं की कुटार गळतं, त्यातली साखर पाण्यात उतरते आणि चिखल झालेल्या मालात हवा राहत नाही. चुलीला जळण म्हणून पऱ्हाटीच वापरा.

दुसरी रीत रसायनाची. १०० लिटर पाण्यात ७.५ ग्रॅम कार्बेन्डॅझिम (बुरशीनाशक) आणि १२५ मिलिलिटर फॉर्मेलिन मिसळून त्यात १० ते १२ किलो कोरडं कुटार १६ ते १८ तास दाबून, झाकून ठेवायचं. ही रीत सोपी आणि खूप ठिकाणी शिकवली जाते. तरी मी घरी गरम पाण्याचीच धरतो. फॉर्मेलिनची वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते, आणि शेवटी उरलेलं कुटार जनावरांपुढे टाकता येत नाही. वापरणारच असाल तर उघड्या अंगणात, हातमोजे आणि मास्क घालून वापरा. बाटली लेकरांच्या हाती लागणार नाही अशा जागी, मूळ लेबलासकट ठेवा. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवण्याची चूक कोणीही करू नये.

नंतर कुटार स्वच्छ धुतलेल्या जाळीवर किंवा उतरत्या सिमेंटच्या ओट्यावर निथळायला ठेवा. किती निथळू द्यायचं? मूठ घट्ट आवळा. बोटांच्या फटीतून पाण्याची धार लागली तर अजून ओलं आहे. तळहात नुसता ओलसर झाला आणि एखादाच थेंब आला तर बरोबर, म्हणजे साधारण ६५ ते ७० टक्के ओलावा. हात कोराच राहिला तर वाळलं.

या मुठीच्या परीक्षेला मी फार मानतो. पाणी जास्त झालं की कुटाराच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरतात. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा कितीतरी हळू सरकतो. एन्झाइमला ऑक्सिजन मिळाला नाही की रहाट थांबतो, आणि त्याच जागी आंबवणारे जिवाणू वाढतात. पिशवीच्या तळाला पिवळट पाणी साचून तिथला भाग पांढरा होतच नाही, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. कारण हेच.

स्पॉन आणि पिशव्या भरणं

स्पॉन म्हणजे गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यावर वाढवलेली बुरशी. कृषी विज्ञान केंद्रं आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ इथे चौकशी करा, प्रशिक्षणाचीही माहिती मिळेल. दाणे पूर्ण पांढरे, सुटे होणारे, गोडसर वासाचे हवेत. हिरवा, काळा किंवा नारंगी ठिपका दिसला, तळाशी पिवळं पाणी दिसलं तर ते पाकीट परत करा. माझी एक पूर्ण खेप अशीच गेली. एका विक्रेत्याने जुनं स्पॉन ताजं म्हणून दिलं. दाण्यांवर पांढरा चिवट थर चढलेला होता, मी तो जोमाचा समजलो. आठ पिशव्यांपैकी पाच हिरव्या झाल्या. तेव्हापासून मी पाकिटावरची तारीख पाहिल्याशिवाय पैसे देत नाही, आणि एसटीने आणताना पाकीट बोनेटजवळ ठेवू देत नाही.

हिशेब असा: १० किलो कोरडं कुटार भिजून ३३ किलोच्या आसपास होतं. त्यात चार-चार किलोच्या आठ पिशव्या बसतात. ओल्या वजनाच्या २ ते ३ टक्के स्पॉन, म्हणजे पिशवीमागे साधारण १०० ग्रॅम.

हात साबणाने धुवा, कोरडे करा. पंखा बंद, दार लोटलेलं. ६० बाय ४५ सेंटिमीटरची पिशवी घ्या. तळाला चार बोटं कुटार, त्यावर कडेने स्पॉन, पुन्हा कुटार, पुन्हा स्पॉन, असे चार-पाच थर. दर थर तळव्याने हलका दाबा. एवढा दाबा की पिशवी उचलल्यावर आकार धरेल, पण दाबल्यावर स्पंजसारखी परत फुगेल. वर दोरी बांधा आणि लगेच सुईने किंवा खिळ्याने चारी बाजूंनी वीस-पंचवीस छिद्रं पाडा. तळालाही चार-पाच पाडा, जास्तीचं पाणी तिथून उतरतं.

पहिल्या वर्षी मी छिद्रांना घाबरत होतो. माशी शिरेल, धूळ शिरेल म्हणून पिशवीला सहा-सातच छिद्रं पाडली. स्पॉन चार दिवस जोरात पसरलं, छिद्रांभोवती पांढरी वर्तुळं झाली आणि तिथेच थांबलं. मधे तपकिरी पट्टे तसेच राहिले. एक पिशवी फाडून पाहिली तर वर्तुळाच्या आतलं कुटार मऊ आणि फिकट झालेलं, पट्ट्यातलं जसंच्या तसं चिवट. ज्या एन्झाइमचं नावच ऑक्सिडेज, त्याला ऑक्सिजन न देता मी काम सांगत होतो.

पंधरा-वीस दिवस: नाक, डोळे, थर्मामीटर

पिशव्या अंधाऱ्या, हवा खेळती असलेल्या खोलीत मचाणावर ठेवा किंवा दोरीने टांगा. दोन पिशव्यांत वीतभर अंतर हवंच. २२ ते २८ अंश सेल्सिअस तापमान उत्तम. इथे एक गोष्ट लोक विसरतात: वाढती बुरशी स्वतः उष्णता सोडते, त्यामुळे पिशवीच्या पोटातलं तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी जास्त असतं. खोली ३० वर असली तर पिशवीचं पोट त्याच्या वर गेलेलं असतं. एका पिशवीत छिद्रातून थर्मामीटर खुपसून ठेवा आणि तोच आकडा खरा माना. पोट ३५ च्या जवळ जाऊ लागलं की पिशव्या विरळ करा, खिडकीला ओलं पोतं लावा, रात्री दार उघडं ठेवा.

म्हणूनच आपल्याकडे मार्च ते जूनमध्ये ढिंगरीच्या नादी लागू नये. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात मातीच्या घरातसुद्धा हे जमवणं कठीण. पावसाळा बरा बसला की करडी साजोर-काजू, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी पांढरी फ्लोरिडा, असा माझा क्रम आहे. डिसेंबरात थंडीची लाट आली की वाढ मंदावते. घाबरू नका, मरत नाही.

पहिले दोन-तीन दिवस नुसता ओल्या कुटाराचा वास येतो. चौथ्या-पाचव्या दिवशी दाण्यांतून पांढरे धागे निघतात. आठव्या दिवसापासून ते एकमेकांना भेटतात, आणि साधारण दहाव्या दिवसाच्या पुढे तो गोडसर वास सुरू होतो. छिद्राजवळ नाक नेऊन हलकेच हुंगायचं, पिशवी दाबून हवा नाकात सोडायची नाही. वास घ्यायचा तो या काळातच. पुढे फळं आली की त्यांचे बीजाणू हवेत असतात, तेव्हा खोलीत मास्क लावूनच जायचं. बीजाणूंमुळे काहींना खोकला आणि दम्यासारखा त्रास होतो.

वासावरून काय समजायचं ते सांगतो. बडीशेप किंवा कडू बदाम: रहाट चालू आहे. आंबट, ताकासारखा किंवा सडक्या अंड्याचा: पाणी जास्त, हवा कमी. ती पिशवी वेगळी काढा, तळाची छिद्रं वाढवा, दोन दिवसांत सुधारली नाही तर बाहेर. कुबट, ओल्या मातीसारखा वास आणि हिरवे ठिपके: ट्रायकोडर्मा नावाची हिरवी बुरशी आहे. डाग रुपयाएवढा असेल तर तेवढा भाग पिशवीसकट कापून काढता येतो. मोठा असेल तर पिशवी खोलीत उघडू नका, बांधलेलीच दूर नेऊन पुरून टाका.

वास आला नाही म्हणून पिशवी टाकून मात्र देऊ नका. काही वाणांत तो इतका सौम्य असतो की नवख्याला कळत नाही. तिथे डोळे वापरा. पूर्ण लागलेली पिशवी दुधासारखी पांढरी दिसते आणि ठोकली तर विटेसारखी एकसंध लागते.

उघडणं, पाणी, तोडणी

पिशवी पूर्ण पांढरी झाली, साधारण पंधरा ते वीस दिवसांत, की ब्लेडने प्लास्टिक कापून काढा. ही खोली वेगळी असली तर फार चांगलं. आता बुरशीला फळ धरायचं असतं. हवा भरपूर हवी, कार्बन डायऑक्साइड साचला तर देठ लांबतात आणि छत्री बारीक राहते. प्रकाश हवा, पुस्तक वाचता येईल इतका, रोज आठ-दहा तास. आर्द्रता ८० ते ८५ टक्के. जमिनीवर वाळू पसरून तिच्यावर पाणी मारा, भिंतींना ओली पोती लावा. गठ्ठ्यांवर दिवसातून दोन-तीनदा धुक्यासारखं बारीक फवारा, धार सोडू नका. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांनी बोअरचं खारं पाणी टाळून गोडं पाणी वापरावं.

तीन-चार दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसतात, पुढच्या तीन-चार दिवसांत छत्र्या होतात. कड खाली वळलेली असतानाच तोडा. कड सरळ होऊन वर वळू लागली की बीजाणू सुटतात आणि वजनही घटतं. अख्खा झुबका मुठीत धरून पिळून काढा, देठाचा तुकडा मागे राहिला तर तो सडतो. तोडायच्या आधी पाणी मारू नका. दुसरा बहर आठ-दहा दिवसांनी, तिसरा त्यानंतर. १० किलो कोरड्या कुटारावर तिन्ही बहरांत मिळून ५ ते ७ किलो ताजी ढिंगरी आली तर काम नीट झालं असं समजा.

एकदा पहिल्या बहरानंतर गठ्ठ्याचा एक कोपरा मोडून पाहा. सोयाबीनची काडी, जी भरताना बोटाने मोडत नव्हती, ती आता हस्तिदंती रंगाची झालेली असते आणि चिमटीत धरून ओढली तर कापसाच्या पेळूसारखी धाग्याधाग्याने सुटते. तपकिरी रंग लिग्निनचा होता. तो गेला, धागे उरले. मी अकरावीच्या मुलांना फळ्यावर लिग्निन शिकवायच्या आधी ही काडी हातात देतो.

कॉलेजात मोजून पाहायचं असेल तर

विज्ञान महाविद्यालयात प्रकल्प करणाऱ्या मुलामुलींसाठी ही पायरी. अतिनील प्रकाशात चालणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर हे एन्झाइम मोजता येतं.

ग्लुकोज, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि अमोनियम टार्टरेट असलेल्या निर्जंतुक द्रव माध्यमात ढिंगरीचं शुद्ध कल्चर २८ अंशांवर हलवत वाढवा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दर दोन दिवसांनी थोडं द्रव काढून गाळा. सेंट्रिफ्यूज असेल तर फिरवून वरचं स्वच्छ द्रव घ्या. तेच तुमचं कच्चं एन्झाइम, कारण हे एन्झाइम बुरशी पेशीबाहेर सोडते.

मोजणीला व्हेराट्रिल अल्कोहोल वापरतात. एन्झाइम त्याचं व्हेराट्राल्डिहाइड करतं आणि ते ३१० नॅनोमीटरला प्रकाश शोषतं. ०.१ मोलर फॉस्फेट बफर, पीएच ६, त्यात अंतिम ५ मिलिमोलर व्हेराट्रिल अल्कोहोल, एकूण १ मिलिलिटर. त्यातलं ०.१ मिलिलिटर एन्झाइम सगळ्यात शेवटी घाला, ढवळा आणि शोषण दर दहा सेकंदांनी नोंदवा. साधी काचेची क्युव्हेट (मोजणीची छोटी नळी) घेऊ नका. ३१० ला काचच बराच प्रकाश खाते. क्वार्ट्झची घ्या.

गणित सोपं आहे. व्हेराट्राल्डिहाइडचा मोलर शोषणांक ९३००. समजा शोषण मिनिटाला ०.०९३ ने वाढलं. ०.०९३ भागिले ९३०० म्हणजे ०.००००१ मोलर, अर्थात मिनिटाला १० मायक्रोमोलर. १ मिलिलिटरमध्ये ते ०.०१ मायक्रोमोल. मिनिटाला १ मायक्रोमोल म्हणजे एक युनिट, म्हणून क्युव्हेटमध्ये ०.०१ युनिट. ते ०.१ मिलिलिटर द्रवातून आलं, तर मूळ द्रवात मिलिलिटरला ०.१ युनिट, लिटरला १०० युनिट.

दोन तुलना केल्याशिवाय आकडा वहीत उतरवू नका. एक, तेच द्रव दहा मिनिटं उकळून पुन्हा मोजा. एन्झाइम मेलं असल्याने वाढ दिसता कामा नये. दोन, दुसऱ्या नळीत कॅटॅलेज घालून पाहा. काही पांढऱ्या कुजीच्या बुरश्यांतलं लिग्निन पेरॉक्सिडेजही व्हेराट्रिल अल्कोहोलचं हेच ॲल्डिहाइड करतं, पण त्याला पेरॉक्साइड लागतं आणि ते पीएच ३ च्या आसपास चालतं. कॅटॅलेज पेरॉक्साइड संपवतं. तरीही ॲल्डिहाइड तेवढ्याच वेगाने बनत राहिलं तर काम आपल्या ऑक्सिडेजचंच. ग्वायाकॉल घालून लाल-तपकिरी रंग आला म्हणजे हे एन्झाइम सापडलं, असं काही प्रकल्पांत लिहिलेलं मी वाचलं आहे. ते चूक आहे. तो रंग लॅकेज आणि पेरॉक्सिडेजचा.

उरलेल्या गठ्ठ्याचं

तिसऱ्या बहरानंतर गठ्ठा हलका आणि मऊ होतो. लिग्निन ढिलं पडल्याने तो जनावरांना पचायला सोपा जातो, पण तीन अटी पाळा: फॉर्मेलिन-कार्बेन्डॅझिमची प्रक्रिया केलेली नसावी, कुठेही हिरवा-काळा डाग नसावा, आणि सुरुवातीला रोजच्या चाऱ्यात एक-दोन मुठीच मिसळाव्यात. आमची गाय तिसऱ्या दिवशी आपणहून खाऊ लागली, शेजारच्यांच्या म्हशीने तोंड लावलं नाही. बाकीचा गठ्ठा फोडून, प्लास्टिकचे तुकडे वेचून गांडूळखताच्या बेडवर पसरा. पिशव्यांची खोली रिकामी झाली की भिंतींना चुना मारा, दारं-खिडक्या उघडून दोन-तीन दिवस कडक ऊन लागू द्या आणि मगच पुढची खेप भरा.